२,२६५ कुकर आणि नसलेला शिक्का

४ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनविरुद्धचा आदेश जाहीर केला. संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या २,२६५ प्रेशर कुकरच्या प्रत्येक खरेदीदाराला कळवा, कुकर परत घ्या, किंमत परत द्या आणि हे सगळं केल्याचा अहवाल ४५ दिवसांत सादर करा, असा तो आदेश होता. वर एक लाख रुपये दंड. तेरा दिवसांनी, १७ ऑगस्टला, फ्लिपकार्टवर त्याच साच्यातला आदेश निघाला. तिथे कुकर ५९८, मुदत तेवढीच, दंडही तेवढाच. त्याआधी पेटीएम मॉलवरचे ३९ आणि स्नॅपडीलवरचे ७३ कुकर याच कारणावरून परत बोलावून झाले होते. चौघांची बेरीज २,९७५ होते. देशभरात खपणाऱ्या कुकरपुढे हा आकडा चिमूटभरच.

तरीही घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं असं आहे. कारण या आदेशाचा पाया कुठल्या स्फोटावर, भाजलेल्या हातावर किंवा पोलीस पंचनाम्यावर नव्हता. कुकरवर जो आयएसआयचा शिक्का असायला हवा होता, तो नव्हता. एवढ्यावरच माल परत बोलावला गेला.

एरवी काय होतं ते बघा. मे २०२५ मध्ये अमेरिकेत शार्कनिंजा कंपनीने सुमारे १८ लाख इलेक्ट्रिक मल्टीकुकर परत बोलावले. आत दाब असतानाच झाकण उघडलं जाऊ शकत होतं. घोषणा झाली तोवर भाजल्याच्या शंभराहून अधिक तक्रारी जमा झालेल्या होत्या. बहुतेक रिकॉल असेच होतात. आधी माणसं पोळतात, मग तक्रारी साचतात, मग कंपनीचे वकील आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसतात. भारतातल्या या प्रकरणात गाडं उलट्या बाजूने सुरू झालं.

दोष कशाला म्हणायचं

घरगुती प्रेशर कुकरसाठी भारतीय मानक आहे आयएस २३४७. केंद्र सरकारच्या उद्योग खात्याने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून हे मानक सक्तीचं झालं. त्या तारखेनंतर आयएसआय चिन्ह नसलेला घरगुती कुकर देशात बनवणं, आयात करणं, साठवणं, विकणं हे सगळंच बेकायदा. बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) कायदा २०१६ च्या कलम २९(३) नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

ही झाली विक्रेत्याची शिक्षा. पण जो कुकर आधीच कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसला आहे, त्याचं काय? बीआयएसचा कायदा प्रामुख्याने बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरतो. घरात पोचलेली वस्तू परत आणण्याची सरळ वाट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे, आणि प्राधिकरणाने तीच धरली. त्या कायद्याच्या कलम २(१०) मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या इथे कळीची ठरते. कोणत्याही कायद्याने जो दर्जा किंवा जे मानक राखणं बंधनकारक आहे, त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. मानक सक्तीचं, कुकर त्यात बसत नाही, म्हणून कुकर सदोष. पत्रा किती जाड आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला सुटतो, हे एकेक कुकर उघडून सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. पुढे कलम २० प्राधिकरणाला धोकादायक माल परत बोलावण्याचा आणि त्याची किंमत परत द्यायला लावण्याचा अधिकार देतं. तो आदेश पाळला नाही, तर कलम ८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, वीस लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुणी म्हणेल, शिक्का नसला तरी कुकर चांगला असू शकतो. असू शकतो. पण तसा दावा करणाऱ्याकडे तो सिद्ध करायला काय असतं? शिक्क्यामागे परवाना असतो. परवान्यामागे प्रयोगशाळेत तपासलेला नमुना, कारखान्याची पाहणी, कारखान्यातच रोज चालणाऱ्या चाचण्यांची नोंद, आणि नंतर बाजारातून अधूनमधून उचललेले नमुने. हे काहीच नसेल तर उरतो फक्त विक्रेत्याचा शब्द. आणि भांडं असं आहे की ज्यात शब्दावर विश्वास ठेवून चालत नाही. का, ते जरा आकड्यांत पाहू.

एक किलोचा दाब

घरातला कुकर साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो इतक्या जादा दाबावर शिजवतो. या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसला उकळतं. डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. आता झाकण २० सेंटिमीटर व्यासाचं धरा. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पहिली शिट्टी होण्याच्या बेतात असताना आतली वाफ झाकणाला ३१४ किलोच्या जोराने ढकलत असते. चार धडधाकट माणसं खालून झाकण रेटताहेत असं समजा. हे ओझं तोलून धरतात कडेच्या पकडी, झाकणाची वळवलेली कड आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलचा पत्रा.

पण खरा घाव दाबाचा नसतो, पाण्याचा असतो. १२० अंशांचं पाणी एकदम मोकळ्या हवेत आलं की त्याला १०० अंशांवर यावंच लागतं. ते कसं येतं? स्वतःचाच काही भाग वाफ करून. कुकरमध्ये दोन लिटर पाणी असेल तर त्यातलं साधारण ७५ ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं. ७५ ग्रॅम म्हणजे अर्धी वाटी. पण तेवढ्या पाण्याची वाफ सव्वाशे लिटर जागा घेते, आणि बाहेर पडताना उरलेलं सगळं उकळतं वरण घेऊन बाहेर पडते. कुकर उडाल्यावर छतापर्यंत डाळ का जाते आणि चेहरा-छाती का भाजते, याचं उत्तर या अर्ध्या वाटीत आहे.

शिट्टी, सेफ्टी, रिंग

कुकरमध्ये दाब आवरणाऱ्या तीन जागा असतात आणि त्या एकामागून एक कामाला येतात. तपासणी न झालेल्या कुकरमध्ये काटकसरीची कात्री नेमकी इथेच चालते.

पहिली जागा शिट्टीची. तिचं गणित अगदी सरळ आहे: शिट्टीचं वजन भागिले ती ज्या भोकावर बसते त्याचं क्षेत्रफळ. भोक ३ मिलिमीटरचं असेल तर क्षेत्रफळ भरतं ०.०७ चौरस सेंटिमीटर. एक किलोच्या दाबाला उचलायची तर शिट्टी सुमारे ७० ग्रॅमची हवी. आता तेच भोक कारखान्यात अडीच मिलिमीटरचं पडलं आणि शिट्टी मात्र ७० ग्रॅमचीच राहिली, तर ती उचलायला १.४ किलोचा दाब लागतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने दाब चाळीस टक्के वाढला. वरून कुकर तसाच दिसतो, शिट्ट्याही नीट देतो, उलट ‘यात डाळ लवकर शिजते’ म्हणून कौतुक होतं! एका कंपनीची शिट्टी दुसरीच्या कुकरवर घालू नये, ती ‘बसत’ असली तरी, असं सांगतात ते या भागाकारामुळे.

दुसरी जागा सेफ्टी व्हॉल्व्हची. शिट्टीखालच्या नळीत डाळीचा फेस किंवा चण्याचं साल अडकलं, शिट्टी उचललीच गेली नाही, की आतला दाब चढत राहतो आणि दाबाबरोबर वाफेचं तापमानही चढतं. दोन किलोला १३३ अंश, तीन किलोला १४३. सेफ्टीच्या मधोमध कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा थेंब बसवलेला असतो. ठरल्या हद्दीवर तो वितळला की वाफेला वाट मिळते. कुकर कोरडा पडून तापला तरी हाच थेंब वाचवतो. सगळी भिस्त त्या मिश्रधातूच्या अचूकपणावर. बनावट सेफ्टीत तो भलत्याच तापमानाचा असतो. काही ठिकाणी तर नुसता रिव्हेट ठोकलेला सापडतो. दिसायला सेफ्टी, कामाला खिळा.

दुरुस्तीच्या दुकानात होणारा एक प्रकारही याच जातीचा आहे. वितळून गेलेल्या सेफ्टीचं भोक साध्या सोल्डरने बुजवून देतात. कथिल-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. वाफ १८३ अंशांना पोचते तेव्हा दाब असतो जवळजवळ दहा किलो. त्या २० सेंटिमीटरच्या झाकणावर मग तीन टनांहून जास्त जोर. सोल्डर वितळण्याच्या कितीतरी आधी दुसरं काहीतरी सुटणार हे उघड आहे. सेफ्टीला डाख द्यायचा नसतो, ती त्याच कंपनीची नवीच घालायची असते.

तिसरी जागा रिंगची. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कित्येक कुकरमध्ये झाकणाच्या कडेला एक छोटी खिडकी ठेवलेली असते. वरचे दोन्ही उपाय फसले तर रबर त्या खिडकीतून बाहेर फुगतं आणि वाफ आडवी निघून जाते. ही युक्ती चालते ती रबर लवचिक असेपर्यंतच. कडक झालेलं रबर फुगत नाही. आणि खिडकी पाडताना कड धारदार राहिली, तर रबर वेळेआधीच कापलं जातं.

आतून बसणाऱ्या, लांबट झाकणाच्या कुकरमध्ये दाब झाकणाला कडेवर अधिकच घट्ट दाबतो, त्यामुळे दाब असताना ते उघडणं फार कठीण. बाहेरच्या झाकणात मात्र सगळा भार पकडींवर. पकड किती खोल आहे, झाकण पुरतं फिरलं नाही तर वाफ धरतं का, हे चाचणीचे मुद्दे आहेत, डोळ्यांनी ओळखायचे नाहीत. आयएस २३४७ मध्ये नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन पाहणं, फुटेपर्यंत दाब चढवणं, सेफ्टी ठरल्या हद्दीत सुटते का ते तपासणं, दांडे आणि त्यांचे जोड ताणून पाहणं, हे सगळं येतं. फुटेपर्यंत तपासलेला कुकर अर्थातच विकता येत नाही. नमुने फोडायचे, प्रयोगशाळा ठेवायची, माणूस नेमायचा, हा खर्च ज्याने टाळला त्याचा कुकर ऑनलाइन यादीत सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात वर दिसतो.

‘आम्ही फक्त बाजार भरवतो’

ऑनलाइन बाजारपेठांचा नेहमीचा युक्तिवाद असा: विक्रेता वेगळा, आम्ही मध्यस्थ. माल आमचा नाही, आम्ही फक्त जागा देतो. मुख्य आयुक्त निधी खरे यांच्या प्राधिकरणाने तो मानला नाही, आणि न मानण्याचं कारण पैशाच्या भाषेत दिलं. या कुकरच्या विक्रीवर अ‍ॅमेझॉनने ६,१४,८२५ रुपये ४१ पैसे विक्री कमिशन मिळवल्याचं मान्य केलं होतं. प्रत्येक विक्रीतून कमाई होत असताना त्या विक्रीतून उद्भवणाऱ्या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही, असं प्राधिकरणाचं म्हणणं. फ्लिपकार्टच्या बाबतीत शुल्काचा आकडा १,८४,२६३ रुपये होता. शिवाय त्यांच्या अटींतल्या दोन गोष्टींवर बोट ठेवलं गेलं: प्रत्येक बिलावर ‘पॉवर्ड बाय फ्लिपकार्ट’ छापण्याची सक्ती, आणि विक्रेत्यांची सुवर्ण-रौप्य-कांस्य अशी प्रतवारी. बिलावर आपलं नाव हवं, विक्रेत्यांना बिल्ले द्यायचे, आणि माल निकृष्ट निघाला की ‘आमचा संबंध नाही’, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

भागाकार करून पाहिला तर आणखी काही दिसतं. अ‍ॅमेझॉनला दर कुकरमागे सरासरी २७१ रुपये मिळाले, फ्लिपकार्टला ३०८. दंड दर कुकरमागे पडला अनुक्रमे ४४ आणि १६७ रुपये. अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत दंड कमिशनच्या सहाव्या हिश्श्याएवढाच! नुसता दंड असता तर तो धंद्याचा किरकोळ खर्च म्हणून खपून गेला असता. आदेशाला वजन आलं ते किंमत परत देण्याच्या कलमामुळे. त्यात कमिशनच नाही, विक्रेत्याच्या खिशात गेलेली रक्कमही बाजारपेठेला आधी स्वतःच्या गल्ल्यातून काढावी लागते, मग विक्रेत्याकडून वसूल होते का ते बघायचं. तो विक्रेता तोवर दुसऱ्या नावाने दुकान मांडून बसलेला असण्याची शक्यता चांगलीच.

दोन्ही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशात दंडाची रक्कम न्यायालयात जमा करायला आणि सगळ्या खरेदीदारांना कळवायला सांगितलं. जबाबदारी कुणाची, पैसे कोण देणार, हा वाद चालू राहू शकतो. पण ज्याच्या ओट्यावर तो कुकर आहे त्याला आजच कळलं पाहिजे, हा क्रम बरोबर आहे.

कळवणं म्हणजे नेमकं काय

२,२६५ माणसांना कळवा, हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात रिकॉल इथेच ढेपाळतात. ऑनलाइन विक्रीत निदान नाव, मोबाइल, पत्ता असतो; बोहारणीकडून किंवा आठवडी बाजारातून घेतलेल्या कुकरचा माग कोण काढणार? पण इथेही अडचणी कमी नाहीत. खरेदी करणारा आणि वापरणारा एक नसतो. कुकर लग्नात आहेर म्हणून गेलेला असतो, गावी आईकडे पाठवलेला असतो, घरकामाच्या ताईंना दिलेला असतो. मुलगा पुण्यात बसून ऑर्डर देतो, कुकर साताऱ्यात शिट्ट्या देतो. संदेश येतो मुलाच्या मोबाइलवर, तोही सेलच्या चाळीस संदेशांच्या मध्ये.

म्हणून संदेशाची भाषा ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ‘आपल्या अलीकडील खरेदीसंदर्भात महत्त्वाची माहिती’ असा मथळा दिला की संदेश मेला. ‘मानकाशी सुसंगत नसल्याची शक्यता’ ही भाषा वकिलाला आवडते, पण ती वाचून कुणी गॅस बंद करत नाही. संदेश साधारण असा हवा: ‘तुम्ही मार्च २०२१ मध्ये आमच्याकडून घेतलेला ५ लिटरचा प्रेशर कुकर वापरणं आजपासून थांबवा. तो सुरक्षिततेच्या सक्तीच्या मानकात बसत नाही. कुकर दुसऱ्या कुणाला दिला असेल तर त्यांना लगेच सांगा. पूर्ण पैसे परत मिळतील, बिल लागणार नाही. कुकर आमचा माणूस घरून घेऊन जाईल.’ सोबत कुकरचा फोटो आणि ऑर्डरची तारीख. बिल मागणं तर टाळायलाच हवं, कारण विक्रीची नोंद बाजारपेठेकडे आहेच. मागितलेला प्रत्येक जादा कागद परत येणाऱ्या कुकरची संख्या कमी करतो.

आणि एकदा कळवून भागत नाही. संदेश, मग ईमेल, मग आठवड्याने फोन, मग पत्त्यावर पत्र. चौथ्या पायरीलाही उत्तर नसेल तर ती नोंद ‘कळवलं’ या रकान्यात न टाकता ‘पोचलं नाही’ या रकान्यात टाकायची. अहवालात हे दोन आकडे वेगळे दिसले नाहीत तर तो अहवाल वाचून काही कळत नाही.

लोक प्रतिसाद का देत नाहीत, याचं कारणही समजून घ्यायला हवं. कुकर चालतो आहे. रोज चालतो आहे. बिघडलेला मिक्सर माणूस स्वतःहून परत देतो. दीड वर्ष बिनबोभाट भात शिजवणारा कुकर का द्यावा? शिवाय तो दिला तर उद्या डाळ कशात शिजवायची? पैसे पंधरा दिवसांनी खात्यात येणार असतील तर ते पंधरा दिवस जुना कुकरच चढतो. पैसे आधी, कुकर नंतर, असा क्रम ठेवला तर परत येणाऱ्यांचं प्रमाण सुधारेल असं आमचं मत आहे. दोन-चार जण पैसे घेऊन कुकर ठेवून घेतील, तेवढं सोसावं.

परत आलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी उरतो आणि बहुतेकदा शेवटच राहतो. धड दिसणारे दोन हजार कुकर गोदामात पडले की त्यांना पाय फुटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोसोरी कंपनीचे सुमारे २० लाख एअर फ्रायर अमेरिकेत परत बोलावले गेले, तेव्हा ग्राहकाने वस्तू पाठवायचीच नव्हती. विजेची वायर कापायची, कापलेल्या वायरसह फोटो काढून पाठवायचा, बदली वस्तू घ्यायची. वस्तू तिथेच निकामी झाली, वाहतूक वाचली. गॅसवरच्या कुकरला वायर नसते, पण झाकण असतं. झाकणाला मधोमध १०-१२ मिलिमीटरचं भोक पाडलं की त्यात दाब धरणं संपलं. खालचं भांडं साधं पातेलं म्हणून राहिलं तरी कुणाला इजा नाही. भोक पाडायचं काम घरी ग्राहकाला सांगायचं नाही, कुकर न्यायला येणाऱ्याने किंवा गोदामाच्या दारात करायचं, आणि भोक पडल्याशिवाय ‘परत आला’ अशी नोंद करायची नाही.

आपला कुकर तपासताना

आयएसआयचा शिक्का कुकरवरच शोधा, झाकणावर किंवा तळाशी. फक्त खोक्यावर असेल तर शंका घ्या. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक, आयएस २३४७, आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे सात ते दहा आकडी परवाना क्रमांक. क्रमांकच नसेल तर शिक्का खोटा समजा. क्रमांक असेल तर बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप उघडून परवाना तपासण्याच्या पर्यायात तो टाका. कारखान्याचं नाव, पत्ता, परवाना कशासाठी दिला आहे आणि तो चालू आहे की संपला, हे दिसतं. नाव कुकरवरच्या ब्रँडशी जुळत नसेल तर घाबरायचं कारण नाही, पुष्कळ ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यातून माल बनवून घेतात. त्या परवान्याच्या तपशिलात तुमचा ब्रँड आहे का ते बघा. मात्र परवाना कुकरचा नसून भलत्याच वस्तूचा निघाला, तर क्रमांक उचलून छापलेला आहे.

कुकर १ फेब्रुवारी २०२१ च्या आधीचा असेल तर सक्ती त्याला लागू नव्हती, आणि शिक्का नाही म्हणून पैसे परत मिळणार नाहीत. बऱ्याच जुन्या कुकरवर शिक्का आढळतोच, कारण चांगले उत्पादक सक्तीआधीही परवाना घेत होते. जुन्यात शिक्क्यापेक्षा अंग बघा. तळ बाहेर फुगला आहे का, झाकण फिरवताना एका बाजूला सैल लागतं का, पकडी झिजल्या आहेत का, नळीतून उजेडाकडे पाहिल्यावर गोल भोक स्वच्छ दिसतं का. रिंग दुमडून सोडल्यावर लगेच सरळ होत नसेल तर ती बदला. तळ फुगलेला किंवा कड वाकलेली असेल तर ठोकून सरळ करू नका, तो कुकर भंगारात द्या.

संशय असलेला कुकर ‘एकदा लावून बघू’ म्हणून गॅसवर ठेवायचा नाही. सेफ्टी काम करते का हे घरी तपासण्याची सुरक्षित रीत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ नंतरचा, शिक्का नसलेला कुकर सापडला तर वापर थांबवा. तळाचा, झाकणाचा आणि खोक्याचा फोटो काढा. ऑर्डरचं पान जपून ठेवा, कारण विक्रेत्याची यादी तुमच्या तक्रारीनंतर गायब होऊ शकते. मग आधी बाजारपेठेला लेखी कळवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. शिक्का खोटा निघाला असेल तर बीआयएस केअरवरूनही तक्रार करता येते. तक्रारीत ‘कुकर खराब आहे’ असं लिहिलंत तर तुम्हाला नवी रिंग पाठवून देतील. ‘हा घरगुती प्रेशर कुकर १ फेब्रुवारी २०२१ नंतर विकला असून त्यावर आयएस २३४७ चं आयएसआय चिन्ह नाही’ असं लिहा, खाली ऑर्डरचा क्रमांक टाका.